इलेक्ट्राची थरथर

२९ सप्टेंबर १९५९. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात बफेलो नावाचं एक छोटं गाव आहे. त्या गावाजवळ एक प्रवासी विमान हवेतच मोडलं आणि तुकडे होऊन खाली आलं. ब्रॅनिफ कंपनीची फ्लाइट ५४२, ह्यूस्टनहून डॅलसला निघालेली. आत ३४ माणसं होती, एकही वाचलं नाही. विमान अगदी कोरं करकरीत, कंपनीच्या ताब्यात येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. वादळ नव्हतं. डावा पंख मात्र हवेतच तुटून वेगळा झाला होता.

तपास करणारे महिनोन्महिने डोकं खाजवत बसले आणि तेवढ्यात दुसरा दणका बसला. १७ मार्च १९६०, दुपारची वेळ. नॉर्थवेस्टची फ्लाइट ७१०, शिकागोहून मायामीला चाललेली. इंडियाना राज्यात टेल सिटी गावाजवळ साधारण १८,००० फुटांवर असताना तिचीही तीच गत झाली. या वेळी उजवा पंख तुटला. ६३ माणसं गेली.

दोन्ही विमानं एकाच मॉडेलची होती, लॉकहीड इलेक्ट्रा. चार टर्बोप्रॉप इंजिनं, चार मोठे पंखे. जानेवारी १९५९ मध्ये प्रवासी सेवेत आलेलं, त्या काळातलं एकदम लेटेस्ट मॉडेल. आता विमानाचा पंख हा काही उगाच तुटणारा भाग नाही. त्याच्यावर किती भार येईल याची गणितं झालेली असतात, वर मार्जिन ठेवलेलं असतं, प्रत्यक्ष वाकवून बघितलेलं असतं. मग शांत हवेत उडणाऱ्या नव्या विमानाचा पंख तुटतो कसा?

उत्तर एका शब्दात सांगायचं तर थरथर. पण नुसतं तेवढं सांगून भागत नाही. थरथर तर प्रत्येक यंत्रात असते. तुमच्या फ्रीजमध्ये असते, एसटीत तर विचारूच नका. खरा प्रश्न असा की बाकीच्या ठिकाणी ती आपोआप विरून जाते, मग इथे का नाही विरली? आणि हा प्रश्न आला की एका अशा गुणधर्माकडे जावं लागतं ज्याच्याकडे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपण फारसं लक्ष दिलेलं नसतं. डॅम्पिंग. मराठी पुस्तकांत त्याला अवमंदन म्हणतात, पण हा शब्द घरात कुणी उच्चारला तर आई विचारेल बरं वाटत नाहीये का. तेव्हा आपण डॅम्पिंगच म्हणू.

घंटा आणि लेथ

देवळात कांशाची घंटा वाजवून बघा. टोल दिल्यावर कितीतरी वेळ घुमत राहते. आता वर्कशॉपमधल्या लेथचा बेड आठवा. तो बिडाचा असतो. त्याच्यावर हातोडी मारली तर ‘थड्ड’ असा आवाज येतो आणि विषय संपतो. तुम्ही दोन्हींना ऊर्जा दिलीत. घंटेने ती जपून ठेवली आणि हळूहळू आवाजाच्या रूपाने वाटत बसली. बिडाने ती आतल्या आत जिरवून टाकली. राखाडी बिडात ग्राफाइटच्या बारीक पाकळ्या असतात. धातू कंप पावला की तिथे अंतर्गत घर्षण होतं आणि हालचालीची उष्णता होते. लेथचा बेड बिडाचा करण्यामागे हे एक मोठं कारण आहे. तो नुसता जड असून चालत नाही, त्याने धक्का विसरायलाही हवा, नाहीतर जॉबवर कंपनाच्या लाटा उमटतात.

म्हणजे डॅम्पिंग ही पदार्थाची विसरण्याची ताकद. घंटेची स्मरणशक्ती दांडगी, बीड विसराळू. संगीताला पहिलं लागतं, इमारती आणि विमानं टिकवायला दुसरं.

गंमत अशी की पदार्थाचे बाकीचे गुण कसे छान टेबलात मिळतात. पोलादाची ताकद किती, ताठपणा म्हणजे स्टिफनेस किती, घनता किती, सगळं हँडबुकात आहे. ड्रॉइंग हातात आलं की वजन आणि ताठपणा बसल्या जागी काढता येतो. डॅम्पिंगचं तसं नाही. नुसत्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचं स्वतःचं डॅम्पिंग अगदीच नगण्य असतं. तिच हजार पट्ट्या रिव्हेट मारून जोडल्या की सांध्यासांध्यात सूक्ष्म घसरण होते आणि डॅम्पिंग वाढतं. किती वाढतं ते कारागिरीवर, रिव्हेटच्या घट्टपणावर, थरथर किती मोठी आहे त्यावर अवलंबून. ड्रॉइंगवर हे कुठेच लिहिलेलं नसतं. वस्तू बनवायची, हलवायची आणि मोजायचं. आजही बव्हंशी तसंच आहे.

तारेचा हिशोब

पदार्थाच्या आत असं काही चालतं हे कळायला बराच काळ गेला. फ्रान्समधला कूलॉम, तोच विद्युतभारांच्या नियमाचा, १७८४ च्या सुमारास धातूच्या तारांना पीळ देऊन त्यांची आंदोलनं मोजत होता. आंदोलनं हळूहळू मरतात, यात हवेचा अडथळा आहेच, पण तारेच्या आतही काहीतरी खर्च होतंय हे त्याच्या लक्षात आलं. पुढे १८६५ मध्ये ग्लासगोच्या विल्यम थॉमसनने (हाच नंतरचा लॉर्ड केल्विन) धातूंच्या लवचिकपणाबरोबर त्यांच्या ‘चिकटपणा’वर निबंध सादर केला. घन धातूला चिकटपणा! मधासारखा! कल्पना विचित्र वाटते, पण पूर्ण लवचिक धातू नावाची गोष्ट अस्तित्वात नाही हे त्यातून पुढे आलं. वाकवायला जेवढी ऊर्जा घालता तेवढी परत कधीच मिळत नाही, थोडी आतच गडप होते.

मग आला १९२० च्या दशकातला जनरल इलेक्ट्रिकचा कारखाना. तिथल्या किंबॉल आणि लोव्हेल यांनी १९२७ मध्ये वेगवेगळ्या पदार्थांचं अंतर्गत घर्षण मोजून दाखवलं की ते खऱ्या चिकट द्रवासारखं वागत नाही. द्रवात वेगाने हलवलं तर अडथळा वाढतो. धातूत प्रत्येक फेरीला होणारा खर्च फेरी हळू आहे की जलद यावर फारसा अवलंबून नसतो, ती फेरी किती मोठी आहे यावर असतो. विमानवाल्यांनी फ्लटरच्या गणितात डॅम्पिंगचा जो आकडा वापरला, तो याच समजुतीवर उभा आहे. अमेरिकेत लँगली इथे थिओडोरसेनने १९३५ मध्ये फ्लटरचा पाया घालणारा अहवाल लिहिला आणि १९४० मध्ये गॅरिकबरोबर तो पुढे नेला. त्या गणितात सांगाड्याचं डॅम्पिंग म्हणून एक छोटंसं ‘जी’ हे अक्षर येतं. एवढंसं अक्षर, पण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

आता थोडं गणित. घाबरू नका, एकच परिच्छेद आहे. समजा एखाद्या रचनेचं डॅम्पिंग १ टक्का आहे. म्हणजे प्रत्येक फेरीत थरथर साधारण ६ टक्क्यांनी कमी होते आणि ११ फेऱ्यांत ती निम्मी होते. आता समजा बाहेरून कुणीतरी ऊर्जा पुरवतंय, आणि पुरवठा खर्चापेक्षा इतका जास्त झाला की हिशोब ‘उणे १ टक्का’ झाला. आता दर ११ फेऱ्यांना थरथर दुप्पट होणार. सेकंदाला ३ फेऱ्या धरल्या तर पावणेचार सेकंदांत दुप्पट. दहा वेळा दुप्पट म्हणजे १०२४ पट, त्याला लागतात साधारण ३७ सेकंद. १ मिलिमीटरची थरथर ३७ सेकंदांत कागदावर १ मीटरच्या वर जाते. प्रत्यक्षात त्याआधीच काहीतरी तुटतं. अधिक १ आणि उणे १ यांत फरक फक्त दोन टक्क्यांचा. पण एका बाजूला शांतपणे विरणारी थरथर आणि दुसऱ्या बाजूला तुटलेला पंख.

रेझोनन्स नव्हे

इथे एक घोळ निस्तरायला हवा, कारण तो आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात कॉलेजपासून बसलेला आहे. टॅकोमा नॅरोजचा पूल सगळ्यांना आठवत असेल. वॉशिंग्टन राज्यातला, ८५३ मीटरच्या मधल्या गाळ्याचा झुलता पूल. १ जुलै १९४० ला उघडला आणि ७ नोव्हेंबर १९४० ला वाऱ्यात पिळवटून पिळवटून पडला. ती काळीपांढरी फिल्म दाखवून अनेक वर्गांत सांगितलं जातं की बघा मुलांनो, याला म्हणतात रेझोनन्स.

रेझोनन्स म्हणजे झोक्याला बरोबर तालात धक्का देणं. धक्का देणारा बाहेरचा, त्याचा ताल त्याचा स्वतःचा. तो झोक्याच्या तालाशी जुळला तर झोका चढतो. पण टॅकोमात ताल जुळतच नव्हता. त्या सकाळी वारा ताशी साधारण ६७ किलोमीटरचा होता. या वेगाला पुलामागे सुटणाऱ्या भोवऱ्यांचा ताल सेकंदाला साधारण एक येतो आणि पूल तर पाच सेकंदांना एक पीळ घेत होता. बिल्ला आणि स्कॅनलन यांनी १९९१ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये लेख लिहून पाठ्यपुस्तकांची ही चूक चांगलीच दाखवून दिली. तिथे धक्का देणारा बाहेरचा कुणी नव्हताच. पूल पिळला की वाऱ्याचा दाब बदलायचा आणि तो बदललेला दाब पुलाला आणखी पिळायचा. पूल स्वतःच्या हालचालीने स्वतःसाठी वाऱ्यातून ऊर्जा काढत होता. याला म्हणतात स्वयंप्रेरित आंदोलन. विमानवाल्यांच्या भाषेत फ्लटर.

फरक शब्दांचा नाही. रेझोनन्स टाळायचा तर ताल बदलला की काम झालं. फ्लटरमध्ये हिशोब जमाखर्चाचा असतो. वारा प्रत्येक फेरीला किती ऊर्जा घालतो आणि रचना आपल्या आत किती जिरवते. वाऱ्याचा वेग वाढला की जमा वाढते. खर्च मात्र तेवढाच राहतो. ज्या वेगाला दोन्ही समान होतात तो धोक्याचा वेग. टॅकोमाचा पूल अरुंद, सडपातळ आणि हलका होता, कडेला भरीव पत्र्याचे गर्डर होते. जमा भरपूर, खर्चाची सोय नाही. नाही म्हणायला थरथर थांबवायला टॉवरजवळ हायड्रॉलिक बफर बसवले होते. पण रंग देण्याआधी वाळूच्या फवाऱ्याने पूल साफ केला तेव्हा ते निकामी झाले. काय बोलणार!

डॅम्पिंग नेहमी मित्र असतं का?

इथपर्यंत वाचून वाटेल की डॅम्पिंग जितकं जास्त तितकं चांगलं. तर नाही. ते कुठे आहे हेही महत्त्वाचं असतं. पुन्हा एकदा जनरल इलेक्ट्रिक, १९२४. त्यांच्या लोखंडाच्या भट्टीला हवा पुरवणाऱ्या काँप्रेसरचे शाफ्ट एका ठरावीक वेगाच्या वर गेले की भयानक गरगरायला लागायचे. शाफ्ट नीट बॅलन्स केलेले असूनही. न्यूकर्कने प्रयोग केले, किंबॉलने कारण सांगितलं. फिरणाऱ्या शाफ्टचं स्वतःचं अंतर्गत घर्षण आणि त्याच्यावर घट्ट बसवलेल्या चकत्यांच्या सांध्यातलं घर्षण हेच त्याला गरगरायला लावत होतं. एका वेगाखाली हे घर्षण थरथर मारतं. त्या वेगावर शाफ्ट स्वतःभोवती जलद फिरतो आणि त्याचा बाक मात्र त्यापेक्षा हळू गरगरतो. अशा वेळी घर्षण त्या बाकाला पुढे ढकलायला लागतं. फिरण्यातली ऊर्जा थरथरीत जाते. उपाय काय, तर फिरणाऱ्या भागातलं घर्षण कमी करा आणि न फिरणाऱ्या भागात, म्हणजे बेअरिंगच्या आधारात, डॅम्पिंग द्या. तोच गुण, जागा बदलली की दुश्मनाचा दोस्त झाला.

इथे जे गरगरणं आहे तेच इलेक्ट्रापाशी पुन्हा भेटणार आहे, जरा निराळ्या रूपात. म्हणून हा फेरफटका.

पुन्हा इलेक्ट्रा

दुसऱ्या अपघातानंतर अमेरिकेत गदारोळ झाला. सगळी इलेक्ट्रा विमानं जमिनीवर बसवा अशी शिफारस अपघातांचा तपास करणाऱ्या सिव्हिल एरॉनॉटिक्स बोर्डाकडून झाली. पण निर्णय होता फेडरल एव्हिएशन एजन्सीचा प्रमुख एलवुड क्वेसाडा याच्या हातात. त्याने विमानं थांबवली नाहीत, वेग कमी केला. ताशी ६०० किलोमीटरच्या आसपास उडणाऱ्या विमानाला आधी २७५ नॉट आणि मग २२५ नॉटची, म्हणजे ताशी साधारण ४१७ किलोमीटरची मर्यादा घातली. त्याच्यावर भरपूर टीका झाली. आज जमाखर्चाच्या चष्म्यातून बघितलं तर वेग कमी करणं म्हणजे वाऱ्याकडून येणारी जमाच तोडणं. कारण अजून सापडलेलं नसताना त्याने दाबलेलं बटन बरोबर होतं. अर्थात त्या विमानात बसलेल्या माणसाला हे पटवणं मला जमलं नसतं.

लॉकहीडने सगळी ताकद तपासाला लावली. बोइंग आणि डग्लस या प्रतिस्पर्ध्यांनीही मदत केली. नासाच्या लँगली केंद्रात नवा कोरा वारा-बोगदा नुकताच सुरू झाला होता, त्यात इलेक्ट्राचं एक अष्टमांश आकाराचं मॉडेल टांगलं. हे शोभेचं मॉडेल नव्हतं. पंख खऱ्यासारखे लवतील, इंजिनं खऱ्यासारखी डुलतील अशा बेताने वजन आणि ताठपणा जुळवलेला होता. इंजिनाच्या आधाराचा ताठपणा मुद्दाम कमी करता येत होता. तो कमी केला आणि कोडं सुटलं.

झालं होतं ते असं. विमानाचा फिरणारा पंखा म्हणजे मोठा भोवरा. भोवऱ्याला एका बाजूने टिचकी मारा, तो त्या बाजूला न पडता काटकोनात वळतो. तसंच इथे. हवेच्या झोताने इंजिनाचं नाक वर ढकललं की पंख्याच्या भोवरेपणामुळे ते बाजूला सरकतं, मग खाली, मग दुसऱ्या बाजूला. नाक हवेत गोल काढायला लागतं, पंखा फिरतो त्याच्या उलट दिशेने. आधार धड असेल तर हे गोल दोनचार फेऱ्यांत विरून जातं. धड नसेल तर तिरका झालेला पंखा वाऱ्यातून ऊर्जा काढतो आणि गोल मोठं होत जातं. याचं नाव व्हर्ल फ्लटर. आपण गरगर फ्लटर म्हणू.

पण इंजिन गरगरलं म्हणून पंख का तुटावा? इथे खरी मेख आहे. इलेक्ट्राच्या धडधाकट इंजिनाचा गरगरण्याचा ताल सेकंदाला ५ च्या आसपास होता. पंखाचा स्वतःचा ताल त्याहून बराच खाली. दोघं आपापल्या घरी सुखी. आधार ढिला झाला की गरगर वाढते, गरगर वाढली की आधार आणखी खराब होतो, आधार खराब झाला की ताल उतरतो. ५ वरून उतरत उतरत तो ३ च्या आसपास आला आणि तिथे पंखाच्या पीळ आणि बाक यांच्या तालाला जाऊन भिडला. आता इंजिन पंखाला हलवायला लागलं. ३७ सेकंदांचं ते गणित आठवतंय ना?

दोन्ही अपघातांत बाहेरच्या बाजूच्या इंजिनांचं हेलकावणं हेच मूळ असल्याचं निष्पन्न झालं. नॉर्थवेस्टच्या बाबतीत स्वच्छ आकाशातली जोरदार खळबळ आणि सांगाड्याचा कमी झालेला ताठपणा यांनी हातभार लावला असं बोर्डाने म्हटलं.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे. गरगर फ्लटर हा शोध १९६० चा नाही. टेलर आणि ब्राउन या दोघांनी १९३८ मध्ये, इंजिनाची थरथर विमानापर्यंत कशी पोचू द्यायची नाही या विषयावरच्या लेखात, असं होऊ शकतं हे लिहून ठेवलं होतं. बावीस वर्षं ते छापील कागदावर होतं. मग कुणी बघितलं का नाही? कारण तेव्हाच्या पिस्टन इंजिनांच्या विमानांचा वेग असा होता की धोक्याची रेषा फार लांब होती. गणित खरं होतं, पण कामाचं नव्हतं. आणि धडधाकट इलेक्ट्राच्या बाबतीतही रेषा लांबच होती. बारकाईने बघा, मूळ डिझाइन जसं होतं तसं राहिलं असतं तर त्यात भरपूर मार्जिन होतं. कुणी विचारलं नव्हतं ते एवढंच की आधार थोडा मोडलेला असेल तर मार्जिन किती उरतं?

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. सर्व्हर ठणठणीत असतो तेव्हा सगळे टेस्ट पास. सर्व्हर जरासा मंदावला की क्लायंट पुन्हा पुन्हा विनंती पाठवतात, त्याने तो आणखी मंदावतो, मग आणखी विनंत्या. तिथे आपण काय करतो? दर वेळी थांबण्याचा वेळ वाढवतो आणि त्यात थोडा अनियमितपणा घालतो. पहिलं म्हणजे डॅम्पिंग. दुसऱ्याचं काय, ते आता येतंच.

शहाणपण कशात होतं

अपघातानंतर लँगलीत रीड, ब्लँड आणि हूबोल्ट यांनी १९६१-६२ मध्ये या फ्लटरचं गणित नीट मांडलं. त्यात दोन गोष्टी ठळक दिसल्या. एक, आधारातलं थोडंसं डॅम्पिंग प्रचंड फरक पाडतं. डॅम्पिंग जवळजवळ शून्य असेल तर स्थिर राहायला इंजिनाचा आधार खूप ताठ लागतो. तेच डॅम्पिंग एखाद-दोन टक्क्यांनी वाढलं की तेवढ्या ताठपणाची गरज बरीच खाली येते. दोन, आधार वर-खाली आणि डावी-उजवीकडे सारखाच ताठ असेल तर गरगर सगळ्यात सोपी, कारण गोल काढायला दोन्ही दिशा सारख्या लागतात. दोन दिशांचा ताठपणा वेगळा ठेवला की गोल बिघडतं आणि रचना स्थिर होते. म्हणजे आपल्या विनंत्यांमधला तो अनियमितपणाच की!

लॉकहीडने सगळ्या विमानांचे इंजिनाचे आधार आणि पंख मजबूत केले. सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च झाला. जानेवारी १९६१ मध्ये वेगाचं बंधन उठलं. विमान त्यानंतर नीट चाललं, पण नाव बदनाम झालं होतं आणि जेट विमानांचा जमाना सुरू झाला होता. एकूण १७० इलेक्ट्रा बनल्या आणि काम थांबलं. तिचाच भाऊबंद असलेलं पी-३ ओरायन हे नौदलाचं गस्ती विमान मात्र पुढे कित्येक दशकं अनेक देशांच्या समुद्रांवर फिरत राहिलं.

माझ्या मते खरा फायदा नियमांत झाला. आता नवं मोठं विमान प्रमाणित करताना गरगर फ्लटर तपासणं सक्तीचं आहे. डिझाइनच्या कमाल वेगावर आणखी १५ टक्के मार्जिन दाखवावं लागतं. आणि सगळ्यात मोलाची अट ही की इंजिनाला धरून ठेवणारा कुठलाही एक भाग मोडला आहे असं समजून पुन्हा गणित करा, तरीही विमान सुरक्षित राहिलं पाहिजे. लहान शहरांच्या विमानतळांवर येणारं ७०-८० सीटचं एटीआर तुम्ही पाहिलं असेल. दोन टर्बोप्रॉप, दोन पंखे, आत बसल्यावर जरा घरघर. त्याच्या इंजिनाच्या आधारामागे ही ९७ माणसं उभी आहेत.

आणि डॅम्पिंगचं काय? कॉम्प्युटर एवढे वाढले, ताठपणा आणि वजन चार दशांशांपर्यंत काढता येतं. तरीही नवं विमान तयार झालं की त्याला जमिनीवर मऊ आधारांवर ठेवतात, जागोजागी हलवून सोडतात आणि त्याची थरथर किती लवकर मरते ते मोजतात. मग पायलट वेग टप्प्याटप्प्याने वाढवत नेतो, दर टप्प्याला विमानाला एक झटका देतो आणि जमिनीवरचे इंजिनिअर आलेख बघत बसतात. झटका विरला का? किती फेऱ्यांत? मागच्या टप्प्यापेक्षा जास्त वेळ लागला का? लागला असेल तर तिथेच थांबतात. म्हणजे शेवटी कूलॉमने तारेला पीळ देऊन जे केलं तेच. फक्त तार जरा मोठी झाली आणि तिच्यात आता माणूस बसलेला असतो.

गेल्या शतकाभरात आपण प्रत्येक गोष्ट हलकी, गुळगुळीत, बिनसांध्याची आणि कमी वाया घालवणारी करत आलो. दगडी पूल, लाकडी घरं, रिव्हेटांनी जोडलेले गर्डर यांत जी ऊर्जा ‘वाया’ जायची, ती फुकटात मिळालेली सुरक्षितता होती. ती कुणी मागितली नव्हती, त्यामुळे गेली तेव्हाही कुणाच्या लक्षात आलं नाही. एखादी रचना किती भार पेलते हे आपण लगेच विचारतो. धक्का बसल्यावर ती किती लवकर शांत होते, आणि थोडी मोडलेली असताना किती लवकर शांत होते, हे विचारायला १९५९-६० साली दोन विमानं पडावी लागली.

असो. आज एवढंच. पुढच्या शनिवारी भेटूच.